यादी आपल्या हातात हवी: कोकणात व्यवसायाचा मेळावा भरवताना ऑनलाइन साधनं कशी निवडावी

आंबा बागायतदार आणि खरेदीदारांची भेट, काजू प्रक्रियावाल्यांची बैठक, होमस्टेवाल्यांची कार्यशाळा, नाहीतर एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांचा मेळावा. कोकणात असा कार्यक्रम ठरला की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतं, "ॲप कुठलं घ्यायचं?" या प्रश्नाचं उत्तर शेवटाकडून शोधावं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळचे साडेनऊ वाजलेत, हॉलच्या दारात टेबल लागलंय, समोर वीस माणसं उभी आहेत, लाइट गेलेली आहे आणि मोबाइलला रेंजची एकच काडी आहे. टेबलावर बसलेल्या मुलीला तेव्हा फक्त एक गोष्ट लागते: नावांची यादी. कोणी नाव दिलं, कोणी पैसे भरले, कोण जेवणार, हे सगळं एकाच यादीत. जे साधन ही यादी वेळेत, पूर्ण आणि वाचता येईल अशी आपल्या हातात देतं, ते घ्यावं. पोस्टर किती देखणं होतं हा नंतरचा प्रश्न.

पुढचा सगळा हिशोब एक नमुना धरून केला आहे. जानेवारीच्या मध्यात कुडाळला १५० माणसांचा मेळावा: १२० बागायतदार आणि प्रक्रिया उद्योजक, ३० खरेदीदार, दहा स्टॉल. नोंदणी जेवणासकट ५०० रुपये, स्टॉल ३००० रुपये.

तारखेबद्दल थोडक्यात. शिमगा आणि गणपती सोडायचे, हे सांगायला नको. मार्च ते मे बागायतदार पेट्या भरण्यात असतो, त्याला बोलावू नये. मासळीवाल्यांचं गणित उलटं आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, माणसं मोकळी असतात. पण तेव्हा पाऊस, लाइटचा भरवसा नाही आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. आंब्यासाठी जानेवारी बरा, कारण झाडावर मोहोर दिसत असतो आणि खरेदीदाराला आगाऊ बोलणी करायची असतात.

नोंदणी: गूगल फॉर्म पुरतो, पण नीट बांधलेला

दीडशे माणसं आणि त्यातली बहुतेक दोन-तीन तालुक्यांतली असतील तर वेगळ्या तिकीट ॲपची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गूगल फॉर्म सगळ्यांनी कधी ना कधी भरलेला असतो, मराठीत करता येतो, साध्या फोनवरही उघडतो आणि उत्तरं थेट शीटमध्ये उतरतात. घोळ होतो तो सेटिंगमध्ये.

पहिली गोष्ट, फॉर्म कोणाच्या खात्यातून करायचा. समितीतल्या एखाद्या मुलाच्या वैयक्तिक जीमेलवरून फॉर्म केला आणि तो पुढच्या वर्षी नोकरीला मुंबईला गेला की यादीही त्याच्याबरोबर जाते. संस्थेच्या नावाने एक जीमेल काढा, पासवर्ड परत मिळवण्यासाठी अध्यक्ष किंवा सचिवाचा नंबर द्या आणि फॉर्म त्याच खात्यातून करा. बाकीच्यांना संपादक म्हणून जोडा. हे दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, लॉगिन मागू नका. "प्रत्येकाला एकच प्रतिसाद" ही अट लावली, किंवा पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट अपलोड करायला सांगितला, की गूगल आधी साइन-इन करायला लावतं. देवगडातल्या बागायतदाराला फोनमध्ये कोणतं जीमेल आहे हे आठवत नसतं, पासवर्ड मुलाने टाकलेला असतो. तो तिथेच थांबतो आणि पुन्हा येत नाही. कोणी दोनदा नाव दिलं तर मोबाइल नंबरावरून ते नंतर काढता येतं. ई-मेल सक्तीचा करू नका. आणि भरणाऱ्याला निकालांचा सारांश दाखवण्याची सोय बंद आहे ना, हे जरूर बघा. ती चालू राहिली तर फॉर्म भरणारा प्रत्येक जण इतरांची उत्तरं पाहू शकतो.

प्रश्न कमी ठेवा, पण काटेकोर ठेवा. नाव मागताना "बॅजवर जसं हवं तसं, मराठीत" असं लिहा. मोबाइलच्या प्रश्नाला तपासणी लावा: संख्या, ६०००००००००पासून ९९९९९९९९९९पर्यंत. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतात, त्यामुळे एक आकडा कमी पडलेला किंवा प्लस एक्क्याण्णव जोडलेला नंबर फॉर्म तिथेच अडवतो. खाली सूचनेत "आकडे इंग्रजीत टाका" हेही लिहा. तालुका टाइप करायला देऊ नका, यादीतून निवडायला द्या. टाइप करायला दिलं की "सावंतवाडी", "सा. वाडी", नुसतं "वाडी" आणि इंग्रजीत लिहिलेलं सावंतवाडी असे चार तालुके तयार होतात आणि कुठून किती माणसं येणार हे मोजता येत नाही. सिंधुदुर्गाचे आठच तालुके आहेत: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग. त्यात "रत्नागिरी जिल्हा", "मुंबई-ठाणे" आणि "इतर" जोडलं की झालं.

मग येतो तो प्रश्न ज्यासाठी मेळावा भरवायचा: कोणाकडे काय आहे आणि कोणाला काय हवंय. इथे फॉर्मला फाटा फोडा. "आपण कोण?" याचं उत्तर बागायतदार आलं तर एक विभाग उघडावा, काजू कारखानदार आलं तर दुसरा, खरेदीदार आलं तर तिसरा. उत्तरानुसार विभागाकडे जाण्याची सोय फॉर्ममध्येच आहे. बागायतदाराला विचारा: हापूसची उत्पादनातली कलमं किती, हंगामात अंदाजे पेट्या किती, पहिला माल कधी निघतो, आणि भौगोलिक मानांकनाखाली स्वतःची नोंदणी केली आहे का. हापूसला २०१८ साली मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण ते नाव वापरायला बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, आणि शहरातला चांगला खरेदीदार हेच आधी विचारतो. काजूवाल्याला ग्रेडनेच, म्हणजे गराच्या आकार-दर्जानेच, विचारा: डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, पाकळी, तुकडा, महिन्याला किती किलो गर निघतो. खरेदीदाराला विचारा: कोणता माल, किती, कोणत्या महिन्यात, पैसे किती दिवसांत देता. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण बागायतदाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

ही उत्तरं शीटमध्ये शेजारी-शेजारी आली की कोणाची भेट कोणाशी घालायची हे आदल्या आठवड्यातच ठरवता येतं. प्रत्येक खरेदीदाराला पंधरा मिनिटांच्या चार-चार भेटी आधी लावून दिल्या तर माणसं नुसती स्टॉलवर फिरत बसत नाहीत.

फोनवर नाव देणारे असतातच. त्यांच्यासाठी वेगळं वहीचं रजिस्टर उघडलं की दोन याद्या झाल्या आणि जेवणाचा आकडा चुकला. फोन घेणाऱ्याने बोलता-बोलता तोच फॉर्म त्या माणसाच्या वतीने भरावा. याला अपवाद करू नये.

शीट कशी बिघडते

उत्तरांच्या शीटमध्ये मध्येच रकाने घुसडू नका. पैसे आले, फोन झाला, हजर, अशा खुणांचे रकाने सगळ्या प्रश्नांच्या उजवीकडे, शेवटी ठेवा. पुष्कळ जण दुसऱ्या पानावर सूत्राने "फक्त खरेदीदार" अशी गाळलेली यादी काढतात आणि तिच्या शेजारी हाताने खुणा करतात. मूळ पानावर एखाद्याचं उत्तर दुरुस्त झालं की गाळलेली यादी वर-खाली सरकते, हाताने केलेली खूण मात्र आपल्या जागीच राहते. मग "पैसे आले" हे वेंगुर्ल्याच्या माणसासमोरून सरकून मालवणच्या माणसासमोर जातं. खुणा मूळ पानावरच करा, दुसरं पान फक्त बघायला ठेवा.

शीटची लिंक ग्रुपवर टाकून सगळ्यांना संपादनाचा अधिकार देऊ नका. एखादा उत्साही माणूस फक्त नावांचा रकाना निवडून अकारानुक्रमे लावतो, आणि प्रत्येक नावापुढे दुसऱ्याचाच फोन नंबर येतो. असं झालं तर घाबरू नका: फाइल मेनूतल्या आवृत्ती-इतिहासातून आदल्या तासाची शीट परत आणता येते. पण दोघा-तिघांनाच संपादन, बाकीच्यांना फक्त पाहणं, हे पहिल्या दिवसापासून पाळा.

यादी बॅज छापणाऱ्याला द्यायची असेल तर सीएसव्ही फाइल देऊ नका. ती एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडली की बऱ्याचदा मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हं येतात, कारण एक्सेल ती यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवण्याची पद्धत) म्हणून वाचत नाही. शीट थेट एक्सेलच्या स्वरूपात डाउनलोड केली की ही कटकट राहत नाही. छपाईवाला श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टांत, काम करत असेल तर तो युनिकोडचं, म्हणजे आपल्या फोनवरच्या मराठीचं, रूपांतर करून घेतो. त्यात जोडाक्षरं सुटतात, म्हणून छापण्याआधी क्ष, ज्ञ, श्र, र्‍ह आणि ट्र असलेली नावं तेवढी डोळ्याखालून घाला. उलट त्याने श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तुम्ही व्हॉट्सॲपवर चिकटवला तर अक्षरांचा खिचडा होतो. पत्रकाचा मजकूर आधी युनिकोडमध्ये तुम्ही तयार करा आणि मग त्याला द्या.

पैसे

पन्नासपर्यंत माणसं असतील तर संस्थेच्या चालू खात्याचा यूपीआय क्यूआर पुरतो. अडचण पैसे येण्याची नसते, ते कोणाचे आहेत हे ओळखण्याची असते. नोंदणी बायकोच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या फोनवरून, आणि खात्यात दिसतं ते तिसऱ्याच कोणाचं नाव. म्हणून फॉर्मच्या शेवटी व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक लिहून मागा. तो क्रमांक बँकेच्या विवरणातही येतो, दोन्हीकडे शोधून जुळवता येतो. स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. पैसे आले की नाही हे खात्यातच बघायचं.

क्यूआरचं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं की माणूस ते त्याच फोनवर बघत असतो. दुसरा फोन नसला तर त्याला ते चित्र गॅलरीतून यूपीआय ॲपमध्ये घ्यावं लागतं, आणि तसं करताना २००० रुपयांची मर्यादा आड येऊ शकते. ५०० रुपयांच्या नोंदणीला फरक पडत नाही, ३००० च्या स्टॉलला पडतो. म्हणून क्यूआरबरोबर यूपीआय आयडी मजकुरात लिहा आणि स्टॉलवाल्यांना खाते क्रमांक व आयएफएससीही द्या.

दीडशे नोंदण्यांना मात्र पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन खात्यात जमा करणाऱ्या सेवेचं, पान घ्यावं. साधारण दोन टक्के आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ५०० रुपयांमागे ११ रुपये ८० पैसे जातात, दीडशे जणांचे १७७०. त्याच्या बदल्यात प्रत्येक भरण्याला नाव आणि फोन चिकटलेला येतो, पावती आपोआप जाते, आणि खजिनदाराच्या तीन-चार रात्री वाचतात. खातं उघडायला पॅन, संस्थेची नोंदणी, बँकेचा पुरावा लागतो आणि पडताळणीला दिवस जातात. म्हणून हे काम महिनाभर आधी सुरू करा. पैसे खात्यात जमा व्हायला दोन-तीन कामाचे दिवस धरा. केटररला आदल्या दिवशी द्यायची रक्कम यातून निघेल असं गृहीत धरू नका. संस्थेची जीएसटी नोंदणी असेल तर ५०० हे करासकट की करावेगळे, हे पत्रकावर लिहा. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांची आहे.

तिकीट विकणारी व्यासपीठं केव्हा घ्यावी

इव्हेंटब्राइट, टाउनस्क्रिप्ट, झोहो बॅकस्टेज, लुमा, मीटअप यांची जाहिरात एकसारखीच असते. त्यांतल्या बहुतेकांचं खरं बळ म्हणजे मुंबई, पुणे, बंगळूरसारख्या शहरांत लोक तिथे जाऊन कार्यक्रम शोधतात. कणकवलीत कोणी तिथे कार्यक्रम शोधायला जात नाही. त्यामुळे प्रसिद्धीसाठी म्हणून ती घेण्यात आपल्याकडे अर्थ नाही. तीनशेच्या वर माणसं, दोन दिवस, वेगवेगळी सत्रं, वेगवेगळे दर, आणि निम्मी माणसं बाहेरची असतील तर मात्र घ्यावीत.

घेण्याआधी फुकट चाचणी कार्यक्रम तयार करा आणि स्वतःच नाव नोंदवून बघा. रुपयांत आणि यूपीआयने पैसे भरता येतात का? आकार माणसावर पडतो की आयोजकावर? पैसे कार्यक्रमाआधी मिळतात की कार्यक्रम झाल्यावर? यादी फोन नंबरसकट, कार्यक्रमाच्या आधी, पूर्ण उतरवून घेता येते का? दारावरचं तपासणीचं ॲप इंटरनेटशिवाय चालतं का? फोन विमान मोडवर टाकून तिकीट स्कॅन करा, पाच मिनिटांत कळेल. आणि तिकिटावर मराठी नाव कसं उमटतं? चाचणीच्या नोंदणीत "श्रद्धा क्षितिज म्हात्रे" असं नाव टाका. स्क्रीनवर ठीक दिसणारं नाव पीडीएफमध्ये पाय मोडून बाहेर पडतं, असं पुष्कळदा होतं. यादी उतरवून देत नसेल तर बाकी सगळं कितीही छान असलं तरी ते व्यासपीठ घेऊ नका. पुढच्या वर्षी आमंत्रण कोणाला पाठवणार?

प्रसिद्धी: व्हॉट्सॲप कसं चालतं ते समजून घ्या

कोकणात व्यवसायाची बातमी व्हॉट्सॲपवरच फिरते. पण त्याचे नियम माहीत नसले की निम्मे संदेश वाया जातात. ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ माणसं बसतात, आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. बाकीच्यांना जात नाही आणि तुम्हाला तसं कळवलंही जात नाही. म्हणून फॉर्म भरून झाल्यावर दिसणाऱ्या मजकुरात "हा नंबर अमुक नावाने सेव्ह करा" ही पहिली ओळ ठेवा.

नोंदणी केलेल्यांचा साधा ग्रुप केला की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. खरेदीदारांना हे आवडत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना विम्याचे फोन सुरू होतात. कम्युनिटी करून तिच्या घोषणा ग्रुपवर माणसं घेतली तर नवी घोषणा फक्त ॲडमिन टाकू शकतात आणि सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात. १५० माणसांसाठी हेच बरं.

फॉरवर्डवर अवलंबून राहू नका. बऱ्याच हातांतून आलेल्या, दुहेरी बाण लागलेल्या संदेशाला व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जाऊ देतं. त्यामुळे तालुक्याच्या प्रतिनिधीला मजकूर कॉपी करून स्वतःच्या नावाने नवा संदेश म्हणून टाकायला सांगा. आणि इथेच एक उपयोगी युक्ती आहे. फॉर्ममध्ये "कुठून कळलं?" हा प्रश्न ठेवा आणि आधीच उत्तर भरलेली लिंक काढा; फॉर्मच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत ती सोय आहे. मालवणच्या प्रतिनिधीला "मालवण ग्रुप" भरलेली लिंक, सोसायटीला "सोसायटी" भरलेली, फ्लेक्सवरच्या क्यूआरला "फ्लेक्स" भरलेली. आठवड्याने शीट बघितली की देवगडहून एकही नाव नाही हे लगेच दिसतं, आणि तिकडे फोन करायला वेळ हातात असतो.

पोस्टरवर बदलू शकणारी माहिती टाकू नका. एकदा चित्र सुटलं की ते परत येत नाही. आपला मूळ संदेश पंधरा मिनिटांत सुधारता येतो, सगळ्यांसाठी पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण लोकांनी पुढे ढकललेल्या प्रती तशाच फिरत राहतात. त्यामुळे चित्रात कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि वार, गाव, फोन एवढंच. हॉल, वेळ, वक्ते, जेवण हे फॉर्मच्या सुरुवातीच्या वर्णनात, जिथे कधीही दुरुस्त करता येतं. वार लिहायलाच हवा, कारण तारीख चुकली तर वारावरून पकडता येते. लिंक चित्रात छापून उपयोग नाही, ती खालच्या मजकुरात हवी, दाबता यायला हवी.

फ्लेक्ससाठी क्यूआर काढताना "डायनॅमिक" क्यूआर देणाऱ्या फुकट साइट्सपासून सांभाळा. त्यांच्या क्यूआरमध्ये तुमची लिंक नसते, त्यांची असते, आणि चाचणीची मुदत संपली की फ्लेक्स टांगलेला असतानाच तो मरतो. साधा, स्थिर क्यूआर काढा. त्याला मुदत नसते. फॉर्मची छोटी केलेली लिंक वापरा, कारण लांब लिंकचा क्यूआर बारीक ठिपक्यांचा होतो आणि लांबून वाचला जात नाही. आधीच उत्तर भरलेली लिंक तर फारच लांब असते, म्हणून फ्लेक्सची तेवढी लिंक कुठल्याही भरवशाच्या सेवेतून छोटी करून घ्या. मापाचा साधा हिशोब: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याचा दहावा भाग. दोन मीटरवरून स्कॅन व्हायचा तर क्यूआर २० सेंटिमीटरचा हवा. भोवती पांढरी मोकळी चौकट सोडा. छपाईवाले नक्षी भरायला ती खातात. एसटी स्टँड, सोसायटी, जिल्हा बँकेची शाखा, खत-औषधांचं दुकान, जिथे माणूस पाच मिनिटं उभा राहतो तिथे क्यूआर चालतो. महामार्गाच्या कडेला मोठा फोन नंबरच बरा.

फेसबुक-इन्स्टाग्रामची सशुल्क जाहिरात करणार असाल तर नकाशाकडे नीट बघा. कुडाळवर पिन टाकून चाळीस किलोमीटरचा घेर घेतला की पश्चिमेला तो अरबी समुद्रात जातो, दक्षिणेला गोव्यात शिरतो आणि पूर्वेला घाटावर चढतो. पैसे गोव्यातल्या लोकांवर खर्च होतात आणि देवगड मात्र बाहेरच राहतं. आपला किनारा लांबट पट्टीसारखा आहे, त्याला एक मोठा गोल बसत नाही. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला, देवगड असे बारा-पंधरा किलोमीटरचे छोटे गोल टाका आणि गोव्याचा भाग वगळा. खरेदीदार मात्र या जाहिरातीतून येत नाहीत. हॉटेलांचे खरेदी व्यवस्थापक, निर्यातदार, शहरातले दुकानदार यांच्यासाठी लिंक्डइन आणि सरळ फोन. तीस खरेदीदारांसाठी नव्वद फोन करायची तयारी ठेवा.

एसएमएसबद्दल एवढंच: घाऊक एसएमएस पाठवायला डीएलटी या दूरसंचार नोंदणी व्यवस्थेवर संस्था, शीर्षक आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. एका कार्यक्रमासाठी हे करू नये. आणि मराठी एसएमएस १६० अक्षरांचा नसतो, ७० चा असतो. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. दोन ओळींच्या निमंत्रणाचे तीन एसएमएस होतात.

पत्त्यासाठी गूगल मॅपची पिन हॉलच्या दारावर स्वतः उभं राहून काढा. एकाच नावाच्या वाड्या आणि देवळं आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात आहेत. शेवटच्या दोन किलोमीटरला रेंज जाते, म्हणून पिनखाली रस्ता शब्दांतही लिहा: स्टेशनवरून रिक्षाला किती, कुठल्या तिठ्यावर वळायचं, गाडी कुठे लावायची.

शेवटचे तीन दिवस आणि दार

दोन दिवस आधी प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवा: "येणार असाल तर १, नसाल तर २." व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल लावता येतात, उत्तर आलं की लेबल, आणि त्याच बैठकीत शीटमध्ये खूण. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन. केटररला आकडा या फोननंतर द्या.

आदल्या संध्याकाळी नोंदणी थांबवा आणि यादी कागदावर छापा. नावांच्या क्रमाने छापू नका. काही नावं इंग्रजीत आलेली असतात, काही देवनागरीत, आणि क्रम लावला की इंग्रजी सगळी आधी जातात, मराठी नंतर. शिवाय सावंत, परब, राणे, गावडे यांची पानंच्या पानं भरतात. यादी मोबाइल नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांच्या क्रमाने लावा. शीटमध्ये नंबरचे उजवीकडचे चार आकडे काढणारा रकाना करा आणि त्यावर क्रम लावा. दारात माणसाला विचारायचं, "शेवटचे चार आकडे?" दीडशे जणांत सारख्या आकड्यांची एखादी जोडी निघते, तेव्हा नाव विचारायचं. पानावर २५ नावं घेतली तर सहा पानं होतात. तीन टेबलं लावा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा: ०००० ते ३३३३, ३३३४ ते ६६६६, ६६६७ ते ९९९९. बॅजही त्याच क्रमाने मांडलेले असू द्या. लाइट आणि रेंज दोन्ही गेली तरी हे चालतं.

आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी चौथं टेबल, जरा बाजूला. फोनवर फॉर्म भरायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मागची रांग अडते. तिथे छापील कोरे फॉर्म ठेवा, प्रश्न ऑनलाइन फॉर्ममधलेच आणि त्याच क्रमाने, म्हणजे संध्याकाळी भरायला सोपे जातात.

थेट प्रक्षेपण करायचं असेल तर यूट्यूबची परवानगी आधी घ्या. पहिल्यांदा सुरू करताना २४ तास लागू शकतात, आणि फोनवरून करायचं तर चॅनेलला किमान ५० सदस्य लागतात. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांत बंद होतं. ७२०पी चित्राला साधारण ४ एमबीपीएस अपलोड लागतो. हॉलमध्ये जाऊन डाउनलोड नाही, अपलोड मोजा. दीडशे फोन एका टॉवरवर आले की तो आकडाही घसरतो. वायरचं इंटरनेट नसेल तर भाषण नुसतं रेकॉर्ड करा आणि रात्री चढवा.

मेळाव्यानंतर खरेदीदारांची यादी सगळ्यांना वाटायची मागणी होतेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची अट आहे, आणि कायदा नसता तरी विचारणं बरं. फॉर्ममध्येच एक प्रश्न ठेवा: "माझा नंबर इतर सहभागींना द्यायला हरकत नाही: हो / नाही." ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच यादी पीडीएफ करून पाठवा, शीटची लिंक कधीच नको.

फॉर्म बंद केल्यावर तिथे जो कोरडा संदेश दिसतो तो बदला. फ्लेक्स पुढचे दोन महिने एसटी स्टँडवर लटकत राहतो आणि कोणीतरी तो क्यूआर स्कॅन करतच असतो. त्या माणसाला "हा मेळावा झाला, पुढच्या वेळी कळवायचं असेल तर या नंबरवर नाव आणि तालुका पाठवा" हे मराठीत वाचायला मिळालं, की त्याचं नाव पुढच्या यादीत येतं.